मल्हारराव होळकर : पेशव्यांच्या कृपेने मोठे झाले की स्वतःच्या पथकाने?

नीराकाठचा

परवा घरच्या गटावर चुलत भावाने एक मजकूर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी तोच मजकूर गावाकडच्या आणखी तीन गटांवर आला. त्याचा सारांश असा : होळ गावचा एक मेंढपाळाचा पोर बाजीरावांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याला उचलून घोड्यावर बसवले आणि त्यांच्या कृपेने हलक्या कुळात राज्य आले. लोकांनी खाली हात जोडले होते. दोन दिवस मी काही बोललो नाही. पण आमचे गाव होळपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि हा मजकूर वाचून माझी झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितो.

मल्हाररावांचा जन्म 1693 चा. वडील खंडोजी लवकर गेले आणि भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून आई लेकराला घेऊन खानदेशात तळोद्याला, भोजराज बारगळ या आपल्या भावाकडे गेली. हे बारगळ कदमबांडे या मराठा सरदारांच्या चाकरीत होते आणि त्यांच्याजवळ स्वतःचे लहानसे घोडदळ होते. मल्हाररावांची तलवार आणि मांड तिथे तयार झाली. पुढे मामांनी आपली मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. पेशव्यांच्या चाकरीत ते 1721 च्या सुमारास आले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसच्या घरात होते. लग्न झालेला, मोहिमा पाहिलेला, माणसे जमवून असलेला हा शिपाई 'पोर' कसा ठरतो? बांड्यांचे लाल-पांढरे निशाण होळकरांनी पुढेही सोडले नाही. ज्याला कोणी मातीतून उचलले असेल, तो आपल्या पहिल्या धन्याचे निशाण बरोबर घेऊन येत नाही.

आता बाजीरावांची बाजू पाहा. 1720 मध्ये पेशवेपद मिळाले तेव्हा ते अवघ्या विशीचे होते. प्रतिनिधी आणि दाभाडे ही जुनी, मोठी घराणी त्यांना जुमानत नव्हती, आणि दाभाड्यांशी तर 1731 मध्ये डभईला रणांगणातच गाठ पडली. अशा तरुण पेशव्याला ज्यांची मुळे जुन्या घराण्यांत अडकलेली नाहीत, अशा माणसांची गरज होती. मल्हारराव, राणोजी शिंदे आणि पवार ही माणसे त्या गरजेतून पुढे आली. 1728 मध्ये अमझेऱ्याला चिमाजीअप्पांनी गिरधर बहादूर आणि दया बहादूर या मोगल सरदारांचा पाडाव केला, तेव्हा हेच सरदार लढत होते; 1732 मध्ये माळव्याची वाटणी झाली, तीही याच लोकांत. ज्यांनी मुलूख मिळवला त्यांना त्यातला वाटा मिळाला. याला कृपा म्हणायचे असेल, तर बाजीरावांवर या सरदारांनी केलेल्या कृपेलाही तेच नाव द्यावे लागेल.

सनदशीर

धागाकर्त्यांच्या भावना मला समजतात; पण त्यांनी एका अतिशयोक्तीला दुसऱ्या अतिशयोक्तीने उत्तर दिले आहे.

प्रश्न पराक्रमाचा नाही, अधिकाराचा आहे. मल्हारराव सरंजामदार होते. सरंजाम म्हणजे ठरावीक फौज बाळगून चाकरी करण्यासाठी लावून दिलेले उत्पन्न. तत्त्वतः ते काढूनही घेता येत असे. माळव्यातला महाल असो वा चौथाईचा हक्क, तो सनदेने मिळे आणि सनदेमागे छत्रपती शाहूंची सत्ता व पेशव्यांचा शिक्का असे. लोक त्यांना आयुष्यभर 'सुभेदार' म्हणत राहिले आणि सुभेदार हा नेमलेला असतो. मल्हारराव गेल्यावर वर्षभरात नातू मालेरावही गेले, तेव्हा 1767 मध्ये होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौजेसह क्षिप्रेपर्यंत आले. हा पेच पुण्याहून माधवरावांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिल्यावर सुटला. ज्या घराण्याचा वारस पुण्याच्या मान्यतेने ठरतो, त्या घराण्याची सत्ता स्वयंभू कशी मानावी?

खरोखर स्वतःच्या बळावर वर चढलेला घोडेस्वार पाहायचा असेल, तर त्याच काळातल्या हैदरअलीकडे पाहा. 1749 च्या देवनहळ्ळीच्या वेढ्यात तो नजरेत भरला, पुढे दिंडिगुलचा फौजदार झाला आणि 1761 मध्ये त्याने म्हैसूरची सगळी सत्ता आपल्या हाती घेतली. वडियार राजा केवळ नावाला उरला. मल्हाररावांनी असे काही केले नाही आणि हा त्यांचा मोठेपणा आहे. पण मग त्यांना 'राजे' म्हणू नका. शिपाईगिरी स्वतःची आणि सत्ता दिलेली, अशी ही साधी विभागणी आहे.

पागेवाला

सनदशीर यांनी कागदाची बाजू नीट मांडली आहे. पण हे सगळे राजकारण घोड्यावर उभे होते आणि घोड्याचा खर्च दोघांच्याही लिखाणात कुठे आलेला नाही.

मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार यांत मोठे अंतर होते. बारगिराला घोडा धन्याच्या पागेतून मिळे, तर शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला तर नुकसान त्याचे आणि त्याची पुढची चाकरीही धोक्यात. एखाद्या गरीब घरातल्या माणसाला वर चढायचे असेल, तर पहिली पायरी तलवारीची नसून घोड्याच्या किमतीची असे. मल्हाररावांना ती पायरी मामांच्या पागेने चढवली. दहा घोडी असलेला माणूस पंचवीस घोडी असलेल्या सरदाराला जाऊन मिळतो, मोहीम यशस्वी झाली की लुटीतून आणि चौथाईतून आणखी घोडी येतात, आणि पाचसहा वर्षांत त्याच्यामागे पाचशे स्वार उभे राहतात. होळकरांच्या उदयाचे यंत्र असे आहे आणि त्यात कृपा व पराक्रम या दोन्ही शब्दांना फारसे काम नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजोबांकडे टांग्याची एक घोडी होती. हरभरा, कडबा, नाल आणि वैद्य यांचा खर्च घरातल्या दोन माणसांच्या खर्चाएवढा होई. ती एका रात्रीत पोटशूळाने गेली आणि आजोबांना दुसरी घोडी घेता आली नाही. त्यानंतर ते दुसऱ्याच्या टांग्यावर मजुरीने बसू लागले. आमच्या घरात शिलेदाराचा बारगीर झाला तो असा. म्हणून स्वतःच्या पथकावर उभा राहिलेला माणूस त्या पथकाला किती जपत असेल, याची मला कल्पना येते.

कन्हेरखेडकर

'पथकाला जपणारा माणूस' हे शब्द पागेवाला यांनी फार योग्य वापरले आहेत. तेवढ्या तीन शब्दांत मल्हाररावांचे सगळे चरित्र येते.

1757 मध्ये दिल्लीत रोहिला सरदार नजीबखान मराठ्यांच्या हाती सापडला होता. त्याला सोडू नये असे म्हणणारे छावणीत होते. मल्हाररावांनी रदबदली केली आणि तो सुटला. त्याच नजीबाने 1759 मध्ये शुक्रतालला दत्ताजी शिंद्यांना महिनोन्‌महिने अडकवून ठेवले आणि त्यानेच अब्दालीला बोलावले. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. पुढच्या वर्षी 14 जानेवारीला पानिपतावर विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले, जनकोजी पकडले जाऊन मारले गेले आणि मल्हारराव आपली फौज घेऊन निघून गेले. बखरकाराने तर मल्हाररावांच्या तोंडी असे शब्द घातले आहेत की, नजीब संपला तर पेशवे आपल्याला धोतरे बडवायला लावतील. खालच्या पायरीवरून आलेल्या माणसाच्या मनातले भय त्या एका वाक्यात उतरले आहे. उत्तरेत शत्रू शिल्लक असेल तोवरच आपली गरज आहे, असा हिशोब त्यांनी मांडला आणि त्या हिशोबाची किंमत आमच्या गावाने दिली. कन्हेरखेडात शिंद्यांच्या वाड्यासमोर उभे राहून हे लिहिण्याचा मला हक्क आहे, असे मी मानतो.

माळवेकर

मी इंदूरचा आहे. आमचे घराणे होळकरांच्या चाकरीत कारकून म्हणून आले आणि तिथेच राहिले. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात मी इंदूरचा आहे हे कळताच पहिला प्रश्न 'म्हणजे पानिपतातून पळालेले का?' असा विचारला गेला होता. त्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला उत्तर देता आले नाही. आज देतो.

पहिली गोष्ट म्हणजे 1757 च्या मोहिमेचे मुख्य राघोबादादा होते. नजीबाला सोडण्याचा सल्ला मल्हाररावांचा असेल, निर्णय दादांचा होता. दुसरी गोष्ट, 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. बाप सूड मागत असताना जयाप्पा शिंद्यांनी भरतपूरच्या सूरजमल जाटाशी तह घडवून आणला. शिंदे-होळकरांतली तेढ मोजायची असेल, तर ती तिथूनही मोजावी लागेल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बायकामुले आणि अवजड तोफखाना मागे ठेवून जुन्या पद्धतीने, रसद तोडत आणि हुलकावण्या देत लढा, असे सांगणारा माणूस मल्हारराव होता. भाऊंचा भर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि गोलाच्या, म्हणजे फौजेचा चौफेर गोल बांधून करायच्या, लढाईवर होता. त्या वेळी म्हाताऱ्या मल्हाररावांना 'शेळ्यामेंढ्या राखणारे' म्हणून उडवून लावले गेले, अशी कथा सांगतात. ती खरी मानायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण ती आजवर सांगितली जाते, यावरून ऐकणाऱ्यांना त्यात अशक्य असे काही वाटत नव्हते, हे कळते.

आणि बखरी पानिपतानंतर लिहिल्या गेल्या आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांना दोष देण्यासाठी जिवंत राहिलेला एक माणूस हवा होता.

कन्हेरखेडकर

आपण मूळ गोष्ट टाळत आहात. सल्ला नाकारला गेला म्हणून रणांगण सोडण्याचा परवाना मिळत नाही. आमच्याही सरदारांचे सगळे सल्ले कुठे ऐकले गेले होते? तरीही जनकोजी उभे राहिले, तुकोजी शिंदे पडले, महादजी पायाने कायमचे अधू झाले. एकाच उजव्या बगलेवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन फौजांपैकी एक कापली जाते आणि दुसरी निघून जाते, याला काय म्हणावे हे मला माळव्याकडून शिकायचे नाही.

माळवेकर

हा शब्द मागे घ्यावा. 'माळव्याकडून शिकायचे नाही' म्हणजे काय? ज्या माळव्यात शिंद्यांची उज्जैन आहे, तोच हा माळवा आहे.

ग्रँट डफने असे नोंदवले आहे की, विश्वासराव पडल्यानंतर भाऊंनी मल्हाररावांना निरोप पाठवला : सांगितल्याप्रमाणे करा. काय सांगितले होते याचा तपशील तो देत नाही आणि आज्ञेने गेले की दगा केला, हा प्रश्नही तो उघडा ठेवतो. ब्रिटिश लेखकाला जे खात्रीने म्हणता आले नाही, ते आपण अडीचशे वर्षांनी खात्रीने म्हणत आहात.

आणि जी फौज 'जपली' गेली, तिचे पुढे काय झाले तेही पाहा. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांची सत्ता बुडाली असे मानून जयपूरचा माधोसिंग उठला. त्याच 1761 च्या नोव्हेंबरात मांगरोळला मल्हाररावांनी त्याच्या फौजेचा पराभव केला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मुलगा गमावून, बदनामी पदरी घेऊन हा माणूस दहा महिन्यांत पुन्हा रणात उभा होता. ते पथक पानिपतावर संपले असते, तर मांगरोळला कोण लढले असते?

नीराकाठचा

धागा पानिपतावर जाईल याची मला भीती होतीच. तरी दोघांना विनंती आहे की, ही चर्चा मूळ प्रश्नाला जोडावी; कारण ती जोडता येते. सरदाराची सत्ता सनदेतून आली असेल, तर सनद देणाऱ्यासाठी मरणे हे त्याचे कर्तव्य ठरते आणि कन्हेरखेडकरांचा राग रास्त ठरतो. ती सत्ता पथकातून आली असेल, तर पथक वाचवणे हीच त्याची पहिली जबाबदारी ठरते. मल्हारराव कोण होते, या प्रश्नाचे उत्तर पानिपतावरच्या त्या दुपारी दडलेले आहे.

सनदशीर

ही मांडणी आकर्षक आहे, पण तिच्यात एक चूक आहे. शिंद्यांचाही उदय त्याच पद्धतीने झाला. राणोजी पाटील घराण्यातले असले, तरी पेशव्यांचे जोडे सांभाळत होते, अशीच त्यांची कथा सांगतात. त्यांचीही सत्ता पथकातून आलेली आणि तरीही जनकोजी हटले नाहीत. एकाच शिडीने चढलेली दोन माणसे एकाच दिवशी वेगळी वागली असतील, तर शिडीवरून वागण्याचे स्पष्टीकरण होत नाही.

तळोद्याची लेक

मी इतका वेळ वाचत होते. आपण सर्वजण एका गोष्टीवर न बोलता एकमत करून बसला आहात आणि ती गोष्ट मला मान्य नाही. मूळ मजकुरात 'मेंढपाळाचा पोर' होते, नीराकाठच्यांनी ते खोडण्यासाठी 'मोहिमा पाहिलेला शिपाई' लिहिले, माळवेकरांनी 'शेळ्यामेंढ्या राखणारे' हा अपमान म्हणून सांगितला. म्हणजे मेंढरे राखणे ही लाज आहे आणि घोड्यावर बसल्यावरच माणूस सुरू होतो, हे सर्वांनी गृहीत धरले आहे.

मी धनगर घरातली आहे. माझे आजोळ वर्षातले आठ महिने वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळाबरोबर, चालत असे. दिवाळी झाली की कोकणात उतरायचे, पावसाच्या तोंडावर घाट चढून परत यायचे. सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असे : भांडी, मेंढरांभोवती लावायची जाळी म्हणजे वाघर, कोंबड्या आणि चालता न येणारी पोरे. माझ्या आजीला रात्री तळ हलवायचा असेल, तर अर्ध्या तासात सगळे बांधून निघता येई. कुठल्या ओढ्याला कोणत्या महिन्यात पाणी असते, कोणत्या गावचा पाटील मेंढरे बसवायला धान्य देतो आणि कोणता अंगावर माणसे घालतो, कुठे रान आहे, कुठून चोरवाट आहे, हे सगळे तिच्या डोक्यात होते. हलक्या घोडदळाला आणखी काय लागते? ज्या गनिमी काव्याचा सल्ला पानिपतावर नाकारला गेला, तो आमच्या घरातल्या रोजच्या चालण्यासारखा आहे. मल्हाररावांनी तो मेंढपाळ 'असूनही' दिला नाही, मेंढपाळ होते म्हणून दिला.

सातवीत असताना इतिहासाच्या तासाला आमच्या शिक्षकांनी होळकरांचा धडा शिकवताना मला उभे केले आणि 'तुमच्यात अजून मेंढरे आहेत का?' असे विचारले. वर्ग हसला. त्या दिवशी घरी येऊन मी आजीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की, मेंढरे आहेत म्हणून तुझी फी भरली. मला अजून त्या वर्गाचा राग येतो, म्हणून इथे सौम्य लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट. या सगळ्या चर्चेत मामा आले, धनी आले, पेशवे आले. ती आई एका ओळीत आली आणि गेली. नवऱ्यामागे भाऊबंदांच्या तावडीतून तीनचार वर्षांचे पोर घेऊन नीरेच्या काठावरून तापीच्या काठापर्यंत जाण्याचा निर्णय तिने घेतला. ती होळात राहिली असती, तर कोणतीही सनद आणि कोणतेही पथक कामाला आले नसते. तळोद्यात बारगळांची गढी आजही दाखवतात, पण तिथे येणाऱ्यांना त्या बाईची आठवण कोणी करून देत नाही.

पागेवाला

ताई, आपले म्हणणे वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. घोड्याची किंमत मी मोजली, घोडा चालवण्याची विद्या मोजली नाही. तरीही एक शंका राहते. मल्हारराव फार लहानपणी तळोद्याला गेले आणि पागेत वाढले. मग वाड्याबरोबर चालण्याचे ज्ञान त्यांना किती मिळाले असेल? सापाने फणा धरून ऊन अडवल्याची जी कथा सांगतात, ती मेंढरे राखताना झोपलेल्या मुलाची आहे; पण कथेवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येणार नाही.

तळोद्याची लेक

शंका योग्य आहे. कागद माझ्याजवळ नाही. पण मामांच्या घरीही मेंढरे होती आणि पोराने आधी तीच राखली, असेच आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आणि ज्यांनी कागद लिहिले, त्यांनी आमच्या वाड्यांची नोंद कधी ठेवली नाही, हेही लक्षात घ्यावे. कागद नाही म्हणून ज्ञान नव्हते, असे म्हणण्याचा अधिकार मी कोणाला देणार नाही.

गौतमाबाईंबद्दलही लिहिते. 1734 मध्ये त्यांच्या नावे 'खासगी' लावून दिली गेली. तिचे उत्पन्न सरंजामाच्या हिशोबात येत नव्हते. ते होळकरांच्या घरच्या बाईचे होते. पुढे अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळे आणि अन्नछत्रे उभी केली, ती याच खासगीतून. सनदशीर यांनी सरंजाम काढून घेता येतो असे लिहिले, पण या खासगीला त्यांनी हात लावलेला नाही.

सनदशीर

खासगीचा मुद्दा माझ्याकडून सुटला, हे मला मान्य करावे लागते. ते उत्पन्न फौजेच्या खर्चाला बांधलेले नव्हते आणि घराण्याच्या मालकीचे म्हणून चालत राहिले, म्हणजे 'सगळेच दिलेले आणि काढून घेण्याजोगे' हे माझे विधान सरसकट टिकत नाही. मात्र खासगीसुद्धा सनदेनेच लागली होती, एवढे मी नोंदवून ठेवतो.

दुसरी कबुली मनाविरुद्ध देतो. 1754 मध्ये दिल्लीच्या तख्तावर मोगल बादशहा अहमदशहाच्या जागी दुसरा आलमगीर बसला, त्या उलथापालथीत होळकरांच्या फौजेचा मोठा हात होता. ज्याच्या घोडदळाच्या हालचालीने बादशहा बदलतो, त्याला केवळ नेमलेला सुभेदार म्हणणे अपुरे आहे. कागदावर तो सुभेदार होता. दिल्ली, जयपूर आणि भरतपूर येथे त्याच्याशी राजासारखेच बोलले जात होते. 1767 च्या प्रसंगातही पुण्याचा कौल येण्याआधी अहिल्याबाईंनी फौज उभी केली होती आणि इतर सरदारांना पत्रे पाठवली होती, हे मी पहिल्या प्रतिसादात सांगायला हवे होते. तरीही यशवंतरावांचा काळ येईपर्यंत होळकर पुण्याच्या शिक्क्याखालीच राहिले. 1802 मध्ये हडपसरला त्यांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा ते बंधन खऱ्या अर्थाने तुटले, आणि त्या तुटण्याने मराठ्यांचे भले झाले असे मला वाटत नाही.

नीराकाठचा

सनदशीर यांनी दोन पावले मागे घेतली, म्हणून मीही एक घेतो. बाजीरावांवर सरदारांची कृपा होती, हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिले. बाजीरावांसारखा धनी नसता, तर मल्हारराव खानदेशातल्या एखाद्या पथकाचे म्होरके म्हणून संपले असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कदमबांडे कुठवर पोहोचले आणि होळकर कुठवर पोहोचले, यातला फरक धन्याच्या दृष्टीचाही आहे. माझा आक्षेप 'उचलले' या शब्दाला आहे आणि तो कायम आहे.

ताईंनी माझ्या लिखाणातला जो दोष दाखवला, त्याचे मला वाईट वाटते. 'पोर नव्हे, शिपाई' असे लिहिताना मी त्याच मजकुराची भाषा बोलत होतो. आमच्या गावात आजही मेंढरे बसवायला धनगर येतात आणि त्यांना आम्ही शेताच्या बांधावरच थांबवतो.

माळवेकर

मला एवढेच सांगायचे आहे की, 1765 मध्ये कोऱ्याला इंग्रजांशी लढाई झाली, तिथे अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या बाजूने बहात्तर वर्षांचे मल्हारराव होते. हार झाली. पुढच्या वर्षी 20 मे रोजी आलमपूरला त्यांचा अंत झाला, तोही मोहिमेवर, इंदूरच्या वाड्यापासून दूर. त्यांची छत्री तिथेच आहे आणि ती सुनेने बांधली. माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिले आहे की, एखाद्या शिपायावर खूश झाले की ते 'याची ढाल रुपयांनी भरा' असे सांगत. स्वतः एके काळी रिकामी ढाल घेऊन उभा राहिलेला माणूसच असे बोलतो. मी आलमपूरला दोनदा गेलो आहे. वसतिगृहातल्या त्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले, पण ते शब्दांत मांडून कन्हेरखेडकरांना पटेल असे वाटत नाही.

कन्हेरखेडकर

'माळव्याकडून शिकायचे नाही' हे वाक्य मी मागे घेतो. ते मला शोभणारे नव्हते.

मांगरोळची लढाई मला माहीत होती, पण तिचा विचार मी या बाजूने केला नव्हता. पानिपतानंतरच्या वर्षात उत्तरेत मराठ्यांचे नाव राखायला शिंद्यांकडे कोणी उरले नव्हते आणि होळकरांकडे होते, हे खरे आहे. ज्याने घोडा घोडा जोडून पथक उभे केले, तो ते एका दुपारी दुसऱ्याच्या चुकीपायी कापून देणार नाही, हेही मला आता समजते. ताईंनी रात्रीत तळ हलवण्याचे जे लिहिले, ते वाचताना मला पहिल्यांदा असे वाटले की, त्या दिवशी मल्हाररावांनी जे केले ते त्यांना कदाचित पळणे वाटलेच नसेल. पण समजले म्हणून माफ होत नाही. बुराडीच्या घाटावर दत्ताजी एकटे पडले, तेव्हा मल्हारराव अजून वाटेत होते, आणि ते वेळेवर का पोहोचले नाहीत याचे उत्तर या धाग्यात कोणी दिलेले नाही. नजीबाबद्दल मी एक अक्षरही मागे घेत नाही.